बॅगेच्या चिठ्ठीवरची तीन अक्षरे



आपल्या वर्गातल्या कुणाचे तरी आजी-आजोबा पहिल्यांदाच परदेशी लेकीकडे निघालेले असतात. तिकीट स्वस्त पडतं म्हणून वाटेत १२-१४ तासांचा रात्रीचा थांबा असतो. मग घरात एकच काळजी : "मोठी बॅग रात्रभर कुठे राहणार?" चला, समजून घेऊया.

१. चिठ्ठी वाचा. बॅग जमा केली की तिला टॅग लावतात. त्यावर विमानतळांचे तीन अक्षरी कोड असतात. मुंबईचा बीओएम (जुन्या 'बॉम्बे'वरून), फ्रँकफर्टचा एफआरए, न्यूअर्कचा ईडब्ल्यूआर. समजा, प्रवास मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूअर्क आहे. टॅगवर शेवटचं ठिकाण ईडब्ल्यूआर असेल, तर बॅग थेट तिथेच मिळेल. ते एफआरए असेल, तर बॅग फ्रँकफर्टलाच घ्यावी लागेल. काउंटर सोडण्याआधीच हे बघा.

२. दोन वेगळी तिकिटे जपून काढा. अशा वेळी बॅग बहुधा मधल्या विमानतळापर्यंतच जाते. ती घ्यायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडून त्या देशात शिरायचं. भारतीय पासपोर्टवर जर्मनीत शिरायला शेंगेन व्हिसा लागतो. हातात अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून चालत नाही. बाहेर हॉटेलात झोपायचं असलं तरी हाच नियम.

३. रात्रीची पिशवी वेगळी भरा. जमा केलेली बॅग सहसा शेवटीच हाती येते. म्हणून औषधं (डॉक्टरांच्या चिठ्ठीसह), चष्मा, स्वेटर, एक कपड्यांचा जोड, चार्जर आणि कागदपत्रं जवळ ठेवा. पॉवर बँक जमा करायच्या बॅगेत चालत नाही. हातातल्या सामानात द्रवपदार्थाची बाटली १०० मिलीपर्यंतचीच हवी.

४. अमेरिकेचा नियम लक्षात ठेवा. न्यूअर्कहून पुढे शिकागोला जायचं असेल, तर टॅगवर शिकागो असूनही साधारणपणे न्यूअर्कलाच बॅग घ्यावी लागते. ती कस्टममधून नेऊन पुन्हा जमा करायची.

५. बॅग आलीच नाही तर? विमानतळ सोडू नका. विमानकंपनीच्या सामान-काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या. टॅगचा तुकडा जपून ठेवा. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानाची मोडतोड झाली तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालं तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना पुठ्ठ्याचे टॅग करायला सांगा. नकाशावर तीन ठिकाणं शोधून कोड लिहू द्या आणि विचारा, "आजीची बॅग कुठे उतरेल? आजीच्या गोळ्या कुठे ठेवायच्या?" भूगोल होतो, इंग्रजी अक्षरवाचन होतं आणि मूल घरी जाऊन आजीलाही शिकवतं.

पालकहो, आजी-आजोबांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी चालेल. निघण्यापूर्वी त्यांच्याकडून ही तीन अक्षरं ओळखण्याचा सराव मात्र नक्की करून घ्या.