हजचे दिवस आणि सौदी अरेबियाचे हवामान

आपल्या देशातून हज यात्रेसाठी हजारो लोक सौदी अरेबियाला जातात. घरून निघण्यापूर्वी तेथील हवामान जाणून घेणे आवश्यक आहे.

सौदी अरेबिया हा वाळवंटी देश आहे. तेथे बारमाही वाहणारी एकही नदी नाही. परंतु सगळीकडे हवा सारखी नसते. जेद्दा शहर तांबड्या समुद्राच्या काठी आहे. तेथे मुंबईसारखा दमट उकाडा असतो. राजधानी रियाध समुद्रापासून दूर आहे. तेथील हवा कोरडी असते. उन्हाळ्यात दिवसा तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी पडते. ताइफ व अबहा ही शहरे डोंगरावर आहेत. आपण उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातो, तसे तेथील लोक या शहरांत जातात.

पाऊस थोडाच पडतो. पण जोराची सर आली, की कोरड्या ओढ्यांना एकाएकी पूर येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये जेद्दा येथे अशा पुरात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

हज कोणत्या ऋतूत येतो? याचे उत्तर दरवर्षी बदलते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून हजचे दिवस दरवर्षी मागे सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. २००५ साली हज जानेवारीत आला होता, तर २०२४ साली जूनमध्ये. त्या जूनमध्ये मक्केत तापमान ५० अंशांच्या वर गेले. तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांपैकी बहुतेक जण परवान्याविना आले होते. त्यांना भर उन्हात, निवाऱ्याविना लांबवर चालावे लागले.

म्हणून यात्रेकरूंनी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. इहराममध्ये पुरुषांना टोपी घालता येत नाही. पण छत्री धरता येते. दुपारी शक्यतो सावलीत थांबावे. चक्कर आल्यास ताबडतोब मदत मागावी.

आजोबा हिवाळ्यात गेले असतील, तर त्यांना शाल लागली असेल. नातू उन्हाळ्यात गेला, तर त्याला छत्री लागेल. वाट तीच असते. ऋतू मात्र बदललेला असतो.

स्वाध्याय

१. जेद्दा व रियाध येथील हवेत कोणता फरक आहे?
२. हजचा ऋतू का बदलतो?
३. तुमच्या घरातील कोणी उन्हाळ्यात हजला जाणार असेल, तर त्यांना कोणत्या सूचना द्याल? पाच वाक्ये लिहा.