राजगुरूचा डोळा आणि आपला फोन

गेल्या गणेशोत्सवात इथल्या आमच्या मंडळात मुलांचं नाटुकलं झालं. मी हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून ते फोनवर टिपलं आणि साताऱ्याला आईला पाठवलं. तिचा लगेच फोन आला, "सगळं छान आहे रे, पण यातली आपली सई कुठली?"

चूक माझीच. अख्खं नाटक मी 'लाँग शॉट'मध्ये घेतलं होतं. म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत आणि भोवतालची जागाही. कमरेपासून वर दाखवलं तर 'मिड शॉट', फक्त चेहरा म्हणजे 'क्लोज-अप'. त्याहून जवळ, नुसता डोळा किंवा ओठ, म्हणजे 'एक्स्ट्रीम क्लोज-अप'.

या शेवटच्या प्रकाराचा आपल्याकडचा गाजलेला नमुना जर्मनीशी जोडलेला आहे. 'सैरंध्री' या रंगीत चित्रपटाच्या प्रती काढण्यासाठी व्ही. शांताराम १९३३ मध्ये जर्मनीत आले होते. परतल्यावर त्यांनी पुण्यात 'अमृतमंथन' (१९३४) केला. प्रभात कंपनी तेव्हा नुकतीच कोल्हापूरहून पुण्याला आली होती. राजगुरूच्या भूमिकेत चंद्रमोहन, कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर. टेलिफोटो भिंग वापरून त्यांनी राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला.

त्यासाठी टेलिफोटोच का? जरा हिशोब करू. ३५ मिमी फिल्मवरची चौकट सुमारे २२ मिमी रुंद असते. डोळ्याचा ४ सेंमी रुंदीचा भाग तिच्यात बसवायचा आहे. नेहमीचं ५० मिमीचं भिंग असेल तर ते चेहऱ्यापासून जेमतेम १४ सेंमीवर आणावं लागेल. मग कॅमेऱ्याचीच सावली नटाच्या तोंडावर पडणार आणि दिवे लावायला जागा उरणार नाही. उदाहरणादाखल १५० मिमीचं भिंग घेतलं, तर हेच अंतर तिप्पट, म्हणजे सुमारे ४२ सेंमी होतं. दिव्यांनाही जागा मिळाली आणि नटालाही.

अंतराचा आणखी एक परिणाम आहे आणि तो तुम्ही आत्ता घरीच पाहू शकता. कुणाचा तरी चेहरा फोनवर ३० सेंमीवरून टिपा. मग तीन मीटर मागे जा आणि झूम करून चेहरा पहिल्याएवढाच मोठा करा. पहिल्या चित्रात नाक फुगलेलं आणि कान आक्रसलेले दिसतील. नाकाच्या टोकापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतो असं धरू. पहिल्या वेळी नाक ३० सेंमीवर होतं, कान ४२ वर, म्हणून नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं उमटलं. दुसऱ्या वेळी ३०० आणि ३१२, फरक जेमतेम चार टक्के. लोक याचं खापर भिंगावर फोडतात, पण चेहरा बिघडवतं ते अंतर. भिंग फक्त चौकटीत किती मावेल ते ठरवतं. व्हिडिओ कॉलवर आजीचं नाक एवढं मोठं का दिसतं, हेही यातच आलं.

आता हालचाल. कॅमेरा जागेवरच ठेवून डावी-उजवीकडे वळवला तर 'पॅन', वर-खाली केला तर 'टिल्ट'. अख्खा कॅमेराच जागचा हलवला तर 'ट्रॅकिंग'. झूम आणि ट्रॅकिंग एकच वाटतात, पण नाहीत. झूममध्ये पुढचं-मागचं सारं सारख्याच प्रमाणात मोठं होतं. चालत पुढे गेलात तर जवळच्या वस्तू झपाट्याने मोठ्या होतात, लांबच्या हळू, म्हणून आपण स्वतः आत शिरल्यासारखं वाटतं.

हे कळायला मुर्नाऊचा 'डेअर लेट्स्टे मान' (१९२४) बघाच. दिमाखदार गणवेश गमावलेल्या हॉटेलच्या दरवानाची ही मूक गोष्ट आहे. सुरुवातीलाच कॅमेरा लिफ्टमधून उतरतो आणि लॉबीतून पुढे सरकतो. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंट यांनी त्यासाठी सायकल वापरली होती. दरवान दारूच्या नशेत असताना तर त्यांनी कॅमेरा छातीला बांधला आणि स्वतःच झोकांड्या खाल्ल्या! जर्मन लोक याला 'एंटफेसेल्टे कामेरा' म्हणतात, म्हणजे साखळदंड सुटलेला कॅमेरा.

तुम्ही मात्र मुलांच्या नाटकात झोकांड्या खाऊ नका. सुरुवातीला रंगमंच दिसेल असा एक लाँग शॉट घ्या, मग दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसा आणि आपलं मूल बोलायला लागलं की मिड शॉट. शेवटच्या रांगेतून बोटांनी झूम करू नका. बऱ्याच फोनमध्ये एका मर्यादेपुढे ते भिंगाचं काम नसतं, नुसतं चित्र कापून ताणलेलं असतं, आणि साताऱ्याला पोचेपर्यंत सईच्या चेहऱ्याचे चौकोन झालेले असतात.