विभाजक न शोधता मूळ संख्या कशी ओळखतात?

प्रश्न : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे १८७६ सालीच ठरले, असे वाचले. तेव्हा संगणक नव्हते. मग एवढे भागाकार केले कोणी?

उत्तर : कोणीच नाही. शाळेतली रीत, म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या संख्यांनी भागून पाहणे, इथे कामाचीच नाही. या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र मिळाले, तरी एकेक संख्या तपासायला चारशे वर्षे पुरणार नाहीत.

तुमची संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही : ११ घेतले तर २०४७ येतात आणि ते निघतात २३ × ८९. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने (हनोईच्या मनोऱ्याचे कोडे यांचेच) अशा संख्यांसाठी कसोटी शोधली. पुढे डी. एच. लेमर यांनी तिला आजचे सुटसुटीत रूप दिले.

ती अशी. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी तेवढी ठेवा. पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. ३१ साठी करून पाहा (घातांक ५, म्हणून तीन वेळा) : ४ वरून १४, १४ वरून १९४, बाकी ८, ८ वरून ६२, बाकी ०. झाले! १२७ साठी हेच १२५ वेळा. दर वेळी ३९ अंकी आकड्यांचा वर्ग, म्हणजे काम कंटाळवाणे खरे, पण माणसाच्या आवाक्यातले.

४ आणि २ कुठून आले? २ अधिक ३ चे वर्गमूळ आणि २ वजा ३ चे वर्गमूळ यांची बेरीज ४, गुणाकार १. त्यामुळे बेरजेचा वर्ग करून २ काढले की दोघांच्या वर्गांची बेरीज उरते. म्हणजे प्रत्येक पायरीला घात दुप्पट होतो. १२५ पायऱ्यांत किती दूर जाता येते, पाहा.

मला याहून नवलाचे वाटते ते उलट टोक. मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या अशा मूळ संख्यांच्या यादीत घातांक ६७ ची संख्याही होती. लुकास यांनी ती संख्या मूळ नाही हे दाखवले, पण तिचा एकही विभाजक त्यांच्या हाती नव्हता! १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. संख्या फुटते हे कळणे वेगळे, कुठे फुटते हे कळणे फारच वेगळे.

२०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४,१०,२४,३२० अंकी मर्सेन मूळ संख्येवर शिक्कामोर्तब झाले तेही याच कसोटीने, अर्थात संगणकावर. निव्वळ हाताने केलेल्या हिशेबात मात्र लुकास यांचा १८७६ चा, तुमच्या ३९ अंकी संख्येचा विक्रम अजून अबाधित आहे.