रविवारी सकाळी मी मिस्साला असते

वसईतली नोकरदार कॅथलिक मुलगी. ऑफिसातल्या एका हिंदू मुलाशी तिचं जुळलंय. तिची मावशी धर्मग्रामात लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग घेते.

भाची : मावशी, तो म्हणतोय, बाप्तिस्मा घेऊन टाकतो, म्हणजे कटकट मिटेल.

मावशी : येशूवर विश्वास बसलाय म्हणून, की तुझ्या आईची समजूत काढायला?

भाची : आईसाठीच गं.

मावशी : मग नको. मोठ्या माणसाला बाप्तिस्मा देण्याआधी महिनोन् महिने शिकवतात, हेतू विचारतात. तिथे त्यानं खोटं बोलायचं आणि तू शेजारी उभं राहून ऐकायचं? आणि त्याची गरजही नाही.

भाची : पण त्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागतं?

मावशी : बिशपांनी सूट दिली तर लागतं. फादर तिला डिस्पेन्सेशन म्हणतात. ती न घेता बाप्तिस्मा झालेली मुलगी आणि न झालेला मुलगा यांचं लग्न चर्चच्या लेखी होतच नाही. १९८३च्या धर्मसंहितेत १०८६व्या कलमात तसं आहे. सूट मिळाली की तो हिंदू राहूनच तुझ्याशी लग्न करू शकतो. ते संस्कार ठरत नाही, वैध मात्र ठरतं. पण सूट मागताना वचन द्यावं लागतं, आणि ते त्यानं नाही, तू द्यायचं. श्रद्धेपासून ढळण्याचे धोके दूर ठेवीन, आणि मुलांचा बाप्तिस्मा, त्यांचं धर्मशिक्षण कॅथलिक व्हावं म्हणून माझ्या हातात असेल ते सगळं करीन.

भाची : त्यानं काहीच कबूल करायचं नाही?

मावशी : पूर्वी त्याच्याकडूनही हमी घेत. १९७० साली सहावे पोप पॉल यांनी ती अट काढली. आता तू काय वचन देणार, हे त्याला वेळेवर आणि नीट कळलेलं असलं की झालं.

भाची : मुलांचा विषय तर मी काढलेलाच नाही. आत्ताच कुठे काढायचा?

मावशी : आत्ताच! माझ्या वर्गात काय होतं सांगू? हॉल ठरलेला, केटररला आगाऊ पैसे दिलेले, आणि मुलाला या वचनाची गोष्ट पहिल्यांदा फादरांच्या टेबलाशी कळते. बिचारा तिथे नाही कसं म्हणणार? त्याच्या आईनं नातवाचं बारसं, जावळ मनात रंगवलेलं असेल. तुझ्या वचनाला नाही म्हणायचा त्याला हक्क आहे. तो त्याला वेळेत मिळू दे.

भाची : त्यापेक्षा रजिस्टर लग्न सोपं.

मावशी : १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं करता येईल. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, धर्म कुणीच बदलायचा नाही. पण नुसतं तेवढंच केलंस तर चर्च तुला विवाहित मानणार नाही, कम्युनियनही घेता येणार नाही. चर्चबाहेरच्या विधीसाठीही बिशप सूट देऊ शकतात. फक्त ती आधी मागायला हवी.

भाची : हे सगळं पुढचं. मला रोजचंच जड जातं. तो रविवारी ट्रेकला बोलावतो, मी घरी काम आहे म्हणून सांगते.

मावशी : मिस्सा आहे म्हणून सांगायला लाज वाटते?

भाची : लाज नाही. जरा मावशीछाप वाटतं.

मावशी : वा! अगं, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. कधीतरी तिला जा आणि रविवारी खुशाल डोंगर चढ. थाप कशाला? उपवासकाळातल्या शुक्रवारी त्यानं बिर्याणी मागवली तरी तू तसंच टाळत असशील.

भाची : पोट बिघडलंय म्हणते.

मावशी : मांस नको, मासळी चालते म्हणावं. वसईकराला पापलेट खाऊन कसला त्याग घडतो, हे मला आजवर कळलेलं नाही, पण नियम आहे.

भाची : आणि... तो अलिबागला रात्री राहू या म्हणतोय.

मावशी : लग्नाआधी शरीरसंबंध नकोत, ही चर्चची शिकवण तुला ठाऊक आहे. ती तुला पटते का?

भाची : पटते. त्याला सांगितलंही, आमच्यात हे चालत नाही.

मावशी : तिथेच चुकतेस. असं म्हणालीस की तो चर्चशी, समाजाशी, माझ्याशी वाद घालत बसतो. ‘मला नको’ म्हण. मग त्याला तुझ्याशी बोलावं लागेल. त्यावर तो रुसला तर रुसू दे. तेवढ्यावरून निघून गेला, तर बरं झालं म्हणेन मी.

भाची : गणपतीला त्याच्या घरी बोलावलंय. प्रसाद दिला तर?

मावशी : पौलाला करिंथकरांनी थोडंफार असंच विचारलं होतं, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल. त्याचं उत्तर पहिल्या पत्रात आठव्या अध्यायापासून पुढे आहे, वाच. अन्नात काही नाही, पण आपल्या खाण्यानं दुसऱ्याची श्रद्धा डळमळू नये, याची त्याला काळजी. आपल्या लोकांत यावर एकमत नाही. तुझे काका प्रसादाला हात जोडतात आणि खात नाहीत. मी मोदक खाते. पूजेला मात्र बसत नाही. तू काय करणार ते ठरव, आणि जाण्याआधी त्याला सांग, म्हणजे त्याची आई ताट घेऊन समोर आली की तो तुझ्या तोंडाकडे बघत बसणार नाही.