दवाखान्यातील मावशी

मुलांनो, शिरड शहापूरजवळच्या एखाद्या वाडीतला माणूस ताप आला की गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. दुखणे मोठे असेल तर त्याला वसमत, हिंगोली किंवा नांदेडला नेतात. बरा होऊन घरी आला की तो डॉक्टरांचे नाव घेतो, नर्सबाईंचे घेतो. पण भल्या सकाळी बादली घेऊन त्याच्या खाटेखाली वाकणारी बाई त्याच्या बोलण्यात सहसा येत नाही. तिला सारा दवाखाना 'मावशी' म्हणतो. आईच्या बहिणीला तुम्ही घरी खाला म्हणता ना? तीच ही मावशी. पुरुष असला तर तो 'मामा'. सरकारी कागदावर मात्र त्यांना सफाई कामगार, कक्षसेवक अशी नावे असतात.

हे काम फार जुने आहे. इ.स. 1284-85 मध्ये सुलतान कलावून याने कैरो शहरात मोठा दवाखाना बांधला. तेथे रुग्णांच्या सेवेसाठी स्त्रिया व पुरुष असे दोन्ही फर्राश नेमलेले होते. फर्राश हा शब्द तुम्हाला उर्दूत भेटलाच असेल.

तुम्हाला वाटेल, फरशी पुसायला काय शिकायचे? मलाही तसेच वाटत होते. काही वर्षांपूर्वी माझे वडील एका शहरातील दवाखान्यात पंधरा दिवस होते. मी रात्री त्यांच्याजवळ थांबत असे. सकाळी मावशी आली की मी तिचे काम पाहत बसे. ती कोरडा झाडू मारत नसे. मी कारण विचारले, तर म्हणाली, "सर, झाडूनं धूळ उडते. उडालेली धूळ त्या पलीकडच्या बाबांच्या जखमेवर बसंल." ती आधी खाटांच्या कडा, दाराची मूठ, दिव्याची बटणे पुसत असे, जिथे सर्वांचे हात लागतात, ती ठिकाणे. मग फरशी, तीही आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. स्वच्छ जागा आधी, घाण जागा नंतर. संडासाचे फडके वेगळे. ते वॉर्डात कधीच यायचे नाही.

फरशीवर रक्त सांडले तर ती लगेच पुसत नसे. आधी हातमोजे घालायची. त्यावर कागद किंवा फडके टाकायचे, वरून जंतुनाशक पाणी ओतायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि मग उचलायचे. हे पाणी क्लोरीनचे असते. ते रोज ताजे करावे लागते, कारण ठेवून दिले की त्याचा जोर कमी होतो. ते ॲसिडमध्ये कधी मिसळू नये. विषारी वायू निघतो. घरी संडास धुतानाही हे लक्षात ठेवा.

क्लोरीनचे मोल जगाला महागात कळले. 1847 साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात बाळंतिणी तापाने मरत होत्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी कित्येक मोठ्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. आपले हात घाण आहेत, हे कोणाला ऐकवते?

आता माझी चूक सांगतो. वडिलांना मधुमेह होता. त्यांचे इन्सुलिनचे इंजेक्शन मीच देत असे. एका रात्री सुई कागदात गुंडाळून मी खाटेजवळच्या साध्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. कोपऱ्यात चार रंगांचे डबे होते, भिंतीवर तक्ताही होता. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात, नळ्या व सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या लाल डब्यात, काच निळ्यात आणि सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात टाकायच्या असतात. मी शिकलेला माणूस. पण तो तक्ता मी वाचला नव्हता.

सकाळी मावशीने पिशवी उचलली आणि "आई गं!" म्हणाली. सुई मोज्यातून बोटात गेली होती.

तिने बोट तोंडात घातले नाही, दाबून रक्तही काढले नाही. सरळ नळाखाली धरून साबणाने धुतले आणि नर्सबाईंना सांगितले. तिचे व वडिलांचे रक्त तपासायला गेले. अशा सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचे विषाणू अंगात जाऊ शकतात. कावीळ ब ची लस तिने आधीच घेतली होती. बाकीच्या दोन्हींवर लस नाही.

"मावशी, ती सुई माझी होती," मी म्हणालो. त्याहून पुढे बोलता आले नाही. ती बोटाला पट्टी बांधत म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं तरी. कोण टाकली ते कळतच नाही एरवी."

वडिलांच्या रक्तात काही निघाले नाही. तरीही तिला पुन्हा तपासणीसाठी बोलावले होते. वडील घरी आल्यावरही मी ती तारीख विसरलो नाही. त्या दिवशी दवाखान्यात गेलो तेव्हा ती जिना पुसत होती. मला पाहून हसली आणि म्हणाली, "चांगलं हाय सगळं. बाबा कसे हायेत? अन् जिना ओला हाय, कडंनं या."

आता घरी वडिलांच्या सुया आम्ही जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाकतो. बाटली भरत आली की आरोग्य केंद्रात देतो.