माईकची शिट्टी : कारण आणि उपाय
(गायकवृंद व वाद्यवृंदासाठी एक पाठ)



नाताळच्या कार्यक्रमात गीत रंगात आलेले असते आणि अकस्मात स्पीकरमधून कर्कश शिट्टी निघते. मुले कानांवर हात ठेवतात, वृद्ध दचकतात, आणि ज्या ओळीसाठी गायकांनी महिनाभर सराव केला, ती ओळ कोणालाच ऐकू येत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने वाद्यांचाच दाखला देऊन स्पष्टतेची आवश्यकता सांगितली आहे. म्हणून या शिट्टीचे कारण समजून घेणे हे केवळ माईकवाल्याचे काम नव्हे. ते गायकांचेही आहे.

१. कारण

माईकने टिपलेला आवाज ॲम्प्लिफायरमध्ये वाढून स्पीकरमधून बाहेर पडतो. तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, तर आणखी वाढून बाहेर येतो. हे चक्र चालू राहिले आणि प्रत्येक फेरीत एखादा स्वर क्षीण न होता वाढतच गेला, की तो शिट्टीच्या रूपाने प्रकट होतो. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून यास ‘लार्सन परिणाम’ असेही म्हणतात. दोष बहुधा यंत्रात नसतो, मांडणीत असतो. चक्र तोडणे हाच उपाय होय.

२. जागेचा विचार

रायपूरच्या बूढापारा भागातील सरदार बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियमसारख्या बंदिस्त क्रीडागृहाचे उदाहरण घ्या. अशा वास्तूत भिंती, छत व जमीन यांवरून आवाज परतून माईकपर्यंत येतो. उघड्या मैदानावर तो बव्हंशी निघून जातो. म्हणून मैदानावर जमलेली मांडणी सभागृहात जशीच्या तशी चालेल, असे समजू नये. उंच छताच्या दगडी मंदिरांनाही हेच लागू आहे.

३. उपाय

(अ) मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. गायकांच्या मागे कधीही नकोत.

(आ) माईक ओठांजवळ, दोन-तीन बोटांच्या अंतरावर धरावा. अंतर निम्मे केल्यास माईकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. तेवढे बटण खाली आणता येते.

(इ) शुअर कंपनीचा १९६६ साली आलेला एसएम-५८ व त्याच्या धर्तीचे माईक पाठीमागचा आवाज सर्वांत कमी टिपतात. म्हणून गायकासमोरचा मॉनिटर माईकच्या शेपटीच्या दिशेला असावा. माईकची जाळी मुठीत झाकल्यास हा गुण नष्ट होतो.

(ई) ज्या माईकवर कोणी गात नाही तो बंद ठेवावा. चालू माईकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वी मिळणारी वाढ सुमारे ३ डेसिबलने घटते. आठांपैकी चारच उघडे ठेवले, तर तेवढा अवकाश परत मिळतो.

(उ) मॉनिटरचा आवाज वाढवण्याआधी ढोलकी, ड्रम व गिटार यांचा आवाज कमी करता येईल का, हे पाहावे. मोठ्या वाद्यांमुळे गायकाला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही. मग तो मॉनिटर वाढवण्यास सांगतो आणि शिट्टीला निमंत्रण मिळते.

(ऊ) इक्वलायझरचा क्रम शेवटचा. सरावाच्या वेळी आवाज हळूहळू वाढवावा. ज्या स्वरावर शिट्टी सुरू होईल तेवढीच पट्टी थोडी खाली आणावी. नंतर एकूण आवाज काहीसा कमी करून तेथेच स्थिर ठेवावा.

तरीही शिट्टी निघाल्यास गायकाने माईक मॉनिटरकडे झुकवू नये व हाताने झाकू नये. चालकाने फक्त त्या माईकचा आवाज उतरवावा. गीत चालू ठेवावे.

वाचकहो, यांतील बहुतेक उपायांना नवे यंत्र लागत नाही. अर्धा तास आधी येणे आणि आपला स्वर नसेल तेव्हा माईक बंद राहू देणे, एवढे पुरे आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या मंदिरात स्पीकर माईकच्या पुढे आहेत की मागे?
२. गेल्या कार्यक्रमात किती माईक विनाकारण चालू होते?
३. सरावाच्या वेळी माईकचालकास बोलावले जाते काय?