फळी घाईने कापू नका : बागेतलं टेबल कसं करावं?



आमच्या गटाने बचतीतून पैसे काढून फणसाची मोठी ओली फळी आणली आणि महिन्याभरात बागेतलं टेबल करून गिऱ्हाइकाला दिलं. उन्हाळ्यात फळी मधोमध तडकली. टेबल परत आलं, पैसे अडकले. चूक सुताराची नव्हती, आमच्या घाईची होती. म्हणून हा पाठ.

१) लाकूड : बाहेर ठेवायच्या टेबलाला फणसाचा पिवळा गाभा चांगला. आंब्याला कीड लवकर लागते, ते पडवीतच ठेवावं. झाड परवानगीने तोडलंय ना, हे विचारा आणि पावती घ्या.

२) वाळवणं : साल काढा, सालीखाली कीड राहते. दोन्ही टोकांना रंग लावा, तिथूनच लाकूड लवकर सुकतं आणि फाटतं. खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. साधा हिशेब : १ इंच जाडीला १ वर्ष. थांबायचं नसेल तर वाळलेलीच फळी घ्या. वाळली का ते कसं कळणार? त्याच फळीचा तुकडा दर महिन्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की समजा तयार.

३) माप : एका माणसाला २ फूट जागा लागते. ५ फूट लांब, अडीच फूट रुंद फळीवर चौघं आरामात बसतात. जमिनीपासून उंची ३० इंच. कडा झाडाच्या आहेत तशाच वाकड्या ठेवा, तीच तिची शोभा.

४) पाय : दोन्ही टोकांपासून साधारण १ फूट आत. पाय मातीत नको, चिऱ्यावर टेकवा, म्हणजे वाळवी आणि ओल सहज लागणार नाही. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं. म्हणून स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा. घट्ट आवळलं तर फळी फाटणारच.

५) तेल : पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल पातळ लावा, जास्तीचं पुसा. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

पुढच्या बैठकीत बोलूया : फळी, सुताराची मजुरी, तेल आणि वाहतूक लिहिली, पण आपल्या हातांची मजुरी आपण किमतीत धरली का?